चोपचिनीचा प्रवास

माझ्या टेबलाच्या खणात गेली काही वर्षे एक रिकामे पाकीट पडून आहे. त्यावर सोनेरी रंगात चिनी लिपीतील मजकूर, ढगांत बुडालेल्या एका डोंगराचे चित्र आणि आतील औषध निव्वळ वनस्पतिजन्य असल्याची इंग्रजी ग्वाही आहे. बनविणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, घटकद्रव्यांची यादी नाही. गारगोटीत आमच्या धर्मग्रामातील एका आजींच्या गुडघेदुखीसाठी हे औषध मीच एका मोठ्या शहरातून आणून दिले होते. एका परिचिताला त्याचा गुण आला होता, एवढाच माझा आधार. त्या सुमारास मी बेन सिराच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायावर प्रवचनही केले होते. परमेश्वराने भूमीतून औषधी उत्पन्न केल्या आहेत आणि शहाणा मनुष्य त्यांचा अव्हेर करीत नाही, हा त्यातील विचार मी रंगवून सांगितला. त्याच ठिकाणी औषधांचे मिश्रण सिद्ध करणाऱ्या माणसाचाही उल्लेख आहे. तो मात्र मी वाचून पुढे गेलो होतो.

गुण तर आला. आठ दिवसांत आजी काठी न घेता मिस्सेला आल्या. पुढची पाकिटेही मीच मागविली. चार-पाच महिन्यांनी त्यांचा चेहरा गोल सुजल्यासारखा दिसू लागला, रक्तातील साखर चढली. आणि एकदा पाकीट वेळेवर न आल्याने औषध खंडित झाले, त्या आठवड्यात त्या अंथरुणातून उठेनाशा झाल्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सांगितले की या गोळ्यांत मुळी असेल-नसेल, स्टेरॉइड मात्र नक्की आहे. ते बाहेरून मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचे काम थांबविले होते, आणि बाहेरचा पुरवठाही एकाएकी बंद पडल्यावर जीवावर बेतले. डॉक्टरांनी विचारले, "हे कोणी दिले तुम्हाला?" मी शेजारीच उभा होतो. आजी माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "बाजारातनं आणलं."

पुढच्या खेपेस मी डॉक्टरांना खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. पाकीट टाकू नका, एवढेच म्हणाले. आपल्या मुलखात चिनी मुळी पहिल्यांदा केव्हा आली आणि ती देणाऱ्या-घेणाऱ्यांवर कोणाचा काही वचक होता काय, हे शोधण्याची ओढ मला तेव्हापासून लागली. त्या शोधाने मला थेट गोव्याच्या जुन्या राजधानीत नेले, आणि वाटेत आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही पाने उलटावी लागली. ती सगळीच अभिमानाची नाहीत.

त्या मुळीचे नाव आपल्या आज्यांना ठाऊक होते : चोपचिनी. फारसीत चोब म्हणजे लाकूड. चोब-ए-चिनी म्हणजे चीनचे लाकूड. ही एका काटेरी वेलीची गाठाळ मुळी. आपल्या सह्याद्रीत जी घोटवेल आढळते, तिचीच ही चिनी बहीण म्हणावी. तिची गरज ज्या रोगामुळे भासली, तो रोगही परदेशीच. पोर्तुगीज आले त्यांच्याबरोबर उपदंशाची एक नवी, भयानक व्याधी आली आणि आपल्या वैद्यांनी तिला नाव दिले फिरंगरोग. सोळाव्या शतकात भावमिश्राने रचिलेल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात हा रोग प्रथमच सविस्तर आला आहे, आणि त्यावरील औषधांत चोपचिनीही आहे, ‘द्वीपांतरवचा’ या संस्कृत नावाने. पश्चिमेकडून रोग आला, पूर्वेकडून मुळी आली, आणि दोहोंची गाठ आपल्या किनाऱ्यावर पडली. त्याच शतकात शास्त्राने दोहोंनाही आपल्या पोथीत जागा दिली. आपले शास्त्र बंदिस्त होते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच ग्रंथात फिरंगरोगावर रसकापूरही सांगितला आहे. रसकापूर म्हणजे पाऱ्याचा क्षार, जहाल विष. ग्रंथकाराला ते पुरते ठाऊक होते. म्हणून तो गव्हाच्या कणकेच्या गोळीत बंद करून, दातांना मुळीच स्पर्श होऊ न देता गिळावा, असा विधी दिला आहे. औषध एका ओळीत आणि ते कसे घ्यावयाचे याचा खटाटोप चार ओळींत, ही जुन्या ग्रंथांची रीत मला मोलाची वाटते. औषध हे नुसते द्रव्य नव्हे; मात्रा, पथ्य, काळ आणि देणाऱ्याचा हात, एवढे सारे मिळून ते होते. द्रव्य गलबतात घालून कुठेही नेता येते. बाकीचे सहसा मागेच राहते.

चोपचिनी गोव्यात १५३५ च्या सुमारास पोचली. ही माहिती ज्याच्यामुळे आपल्याला मिळते, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला हा मनुष्य १५३४ साली मार्तिम आफोन्सो द सौझाबरोबर गोव्यास आला आणि मरेपर्यंत इकडेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही तो वैद्य होता, म्हणजे घाटावरचा मुलूख त्याने डोळ्यांनी पाहिला होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात हिंदुस्थानातील वनस्पती आणि औषधे यांविषयी संवाद आहेत. एका बाजूला तो स्वतः, दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा कल्पित, पुस्तकी पंडित. रुआनो ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता म्हणतो, मी येथे पाहिले ते असे. वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारून त्याने माहिती गोळा केली, आणि कोणते कोणाकडून कळले हे पुष्कळदा नोंदविले.

चिनी मुळीवर त्याने एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. ही मुळी काप करून पाण्यात उकळावयाची, तो काढा रुग्णाने बरेच दिवस प्यावयाचा, वाऱ्यापासून जपून राहावयाचे, घाम गाळावयाचा आणि आहाराचे बंधन पाळावयाचे, असा तो उपचार होता. चीनमधले लोक ती कशी वापरतात आणि आपल्याकडे तिचा कसा अनुभव आला, हे वेगवेगळे सांगण्याची शिस्त ओर्ताने पाळली आहे. मुळीच्या मागे राहिलेले ज्ञान तिच्यापाठोपाठ आणण्याचा हा आपल्या किनाऱ्यावरचा पहिला छापील प्रयत्न होय.

युरोपात तोवर तिची लाट येऊन गेली होती. सम्राट पाचवा चार्ल्स संधिवाताने बेजार असे. त्यानेही ती घेतली. त्याच्या दरबारातील वैद्य, शरीरशास्त्राचा महान अभ्यासक व्हेसालियस याने १५४६ साली या मुळीच्या काढ्यावर पत्ररूप पुस्तक प्रसिद्ध केले. गंमत अशी की मुळीविषयी तो फारसा भारावलेला दिसत नाही, आणि पुस्तकाचा मोठा भाग गेलनच्या शरीरशास्त्रातील चुका दाखविण्यातच खर्ची पडला आहे. पण राजाने घेतलेले औषध म्हटल्यावर प्रजेला दुसरा पुरावा लागत नाही. महिनोन्महिने जहाजाच्या तळाशी दमटात पडलेली मुळी लिस्बनला उतरताना कोणत्या अवस्थेत असेल, हे कोणाही किराणा दुकानदाराला विचारावे.

ओर्ता १५६८ साली वारला. तो मूळचा ज्यू कुळातला, पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्यांपैकी. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले, आणि १५८० साली खुद्द ओर्ताची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली. शरीराला हितकर काय आणि घातक काय हे ज्याने आपल्या किनाऱ्याला नीट सांगितले, त्याच्या शरीराची आपल्याच धर्मबांधवांनी ही गत केली. मी याविषयी अधिक लिहीत नाही. लिहिण्याची लाज वाटते म्हणून नव्हे, तर हा लेख औषधांचा आहे म्हणून.

औषध कोणी द्यावे, याचे पहिले नियमही गोव्यात या काळात झाले. आणि त्यांत रुग्णाच्या जिवाची काळजी किती व परधर्मीयांविषयीचा दुरावा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असे ठरविले. ठरविले खरे, पण १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपांच्या पदरी कारकून असलेला डच प्रवासी लिन्स्कोटेन लिहून ठेवतो की व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि मठातील संन्यासी यांचा स्वतःच्या देशबांधवांपेक्षा हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास होता. घरच्याच माणसाची ही साक्ष! ताप चढला की ठराव बाजूला राहतात. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने अधिक व्यवहारी नियम केले. प्रमुख वैद्याकडून परीक्षा झाल्याखेरीज कोणीही वैद्यकी करू नये, आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसच असावी. यातील परीक्षेची अट आजही कोणी नाकारणार नाही. तीसच्या आकड्याला मात्र कसले शास्त्र होते, हे मला उमगलेले नाही.

या नियमांच्या छायेतच ‘गोव्याचा दगड’ जन्मला. सतराव्या शतकात येशूसंघातील गास्पार आंतोनियो नावाचे एक ब्रदर गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात गोळे बनवीत. काही प्राण्यांच्या पोटात सापडणारा बेझोर नावाचा खडा विषहारक मानला जाई आणि तो अतिशय महाग असे. त्याला पर्याय म्हणून कस्तुरी, अंबर, पोवळे, मोती, मौल्यवान रत्नांची पूड असे मिश्रण गोल करून वर सोन्याचा मुलामा दिला जाई. घेणाऱ्याने तो किसून पाण्यात वा चहात घ्यावयाचा. विष, ताप, साथी, साऱ्यांवर हा एकच उपाय. युरोपातील श्रीमंत घराण्यांनी हे गोळे सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले; न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तसा डबा आजही पाहता येतो. कृती मात्र गुप्त. तिच्या विक्रीतून संघाच्या कार्याला पैसा मिळत होता आणि त्या पैशाने पुष्कळ सत्कार्ये झाली असतील. तरीही त्या दगडाचे वर्णन वाचताना मला माझ्या खणातील पाकीट आठवते. सोनेरी वेष्टन, सर्व रोगांवर उतारा आणि आत काय आहे हे न सांगणे. फरक एवढाच की दगडामागे निदान एका माणसाचे नाव होते.

याच शतकात, याच किनाऱ्यावर अगदी उलट रीतही घडून गेली, आणि तिच्यात आपल्या लोकांचा हात आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर बारा खंडांचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापला गेला. आरंभीच्या कामात त्याला फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ या कार्मेलाइट मिशनऱ्याची मदत झाली. वनस्पतींची पारख मात्र इट्टी अच्युतन हा ईळव वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य यांची. आम्ही ही माहिती कशी दिली, याचे या तिघांचे कोकणी भाषेतील व नागरी लिपीतील निवेदन १६७५ सालचे आहे, आणि ते ग्रंथात जसेच्या तसे छापले आहे. डच सत्ताधीश, इटालियन संन्यासी, ईळव वैद्य आणि सारस्वत ब्राह्मण हे एका पानावर आले, आणि चुकले तर कोणाला विचारावे हेही त्याच पानावर छापले गेले.

इंग्रजी अमदानीची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती कायद्यांच्या नावांनी भरलेली आहे. मुंबई इलाख्याने १९३८ च्या कायद्याने वैद्य व हकीम यांच्या नोंदणीची सोय केली. गारगोटी त्या वेळी कोल्हापूर संस्थानात. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो कायदा आमच्या वेदगंगेच्या काठी लागू नव्हता. औषधांच्या भेसळीचा विचार करण्यासाठी कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली समिती नेमली गेली, आणि पुढे १९४० चा औषध कायदा झाला. त्यातून आयुर्वेदीय व युनानी औषधे वगळलेली होती. ती कायद्याच्या कक्षेत आली १९६४ च्या दुरुस्तीने. म्हणजे पाश्चात्त्य गोळीवर देखरेख सुरू झाल्यानंतर आसवे, भस्मे आणि काढे यांना जवळजवळ पाव शतक मोकळीक राहिली. आपल्या परंपरेविषयीचा आदर म्हणा किंवा तिच्याविषयीची बेफिकिरी म्हणा. बाजाराला दोन्ही सारखेच सोयीचे.

आजच्या नियमांप्रमाणे कारखान्यात बनलेल्या आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि घटकद्रव्ये असावी लागतात. विषारी द्रव्यांची एक स्वतंत्र अनुसूची आहे. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, गुंज, सोमल, हरताळ, मोरचूद, पारा ही आपल्या परिचयाची मंडळी तीत आहेत. ती पोटात घेण्याच्या औषधात असल्यास वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करून देणाऱ्या वैद्याला मात्र परवान्यातून सूट आहे, आणि ती योग्यच आहे. कारण तेथे रुग्ण वैद्याला ओळखतो आणि वैद्य मुळीला. असाध्य रोग हमखास बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा जादूटोणावजा उपायांविषयीचा कायदा बंदी करतो. चिनी वैद्यकाला आपल्या कायद्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी, होमिओपॅथी किंवा तिबेटी सोवा-रिग्पा यांच्यासारखे स्थान नाही. तेव्हा माझे ते पाकीट रीतसर आयात-परवान्यावाचून कोणत्याच दाराने देशात यावयास नको होते. ते खिडकीतून आले, आणि खिडकी मी उघडली.

चीनला दोष देऊन मोकळे होता येईल असे मात्र नाही. त्या देशात सम्राटाच्या आज्ञेने इसवी सन ६५९ मध्येच औषधींचा अधिकृत ग्रंथ तयार झाला होता. आणि हिवतापावरील एका जुन्या वनस्पतीच्या टिपणावरून तू योयो या संशोधिकेने जे द्रव्य वेगळे केले, त्यासाठी तिला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घात होतो तो मुळी घर सोडते तेव्हा. १९९० च्या आसपास ब्रुसेल्समधील एका केंद्रात वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे दिली जात. त्यांत ‘फांग जी’ हवी होती. चीनमध्ये या नावाने एकाहून अधिक वनस्पती ओळखल्या जातात. नेमके एकीच्या जागी दुसरी गेली आणि ती आरिस्टोलोकिया कुळातली निघाली. १९९३ साली तेथील डॉक्टरांनी पहिला अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे उघड झाले, आणि कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या कुळातील वनस्पती असलेल्या औषधांना निश्चित कर्करोगकारक ठरविले.

हे सांगण्याचे कारण असे की त्या कुळातील एक वेल आमच्या भुदरगडच्या बाजूलाही परकी नाही. तिला सापसंद किंवा ईश्वरी म्हणतात, आणि सर्पदंशावर तिची मुळी उगाळून देण्याची चाल खेडोपाडी आहे. साप बिनविषारी असला म्हणजे गुण तिचा. विषारी असला म्हणजे दोष नशिबाचा. आणि विष उतरविणारी लस ज्या रुग्णालयात मिळते, तेथे पोचण्याची घटका त्यात निघून जाते. नावांचा घोटाळाही आपल्या घरचाच आहे. ब्राह्मी म्हणून कोठे एक वनस्पती मिळते, कोठे मंडूकपर्णी. चोपचिनी म्हणून घोटवेलीचे तुकडे खपतात. दोन्ही निरुपद्रवी असतील तर बिघडत नाही. पण ब्रुसेल्सच्या त्या बायकांनाही कोणी विष म्हणून ते चूर्ण दिले नव्हते.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही हे ठाऊक असावे. २००४ साली बोस्टन परिसरातील भारतीय दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे तेथील संशोधकांनी प्रसिद्ध केले. पुढे आपल्या शासनाने निर्यातीच्या औषधांसाठी या धातूंची तपासणी सक्तीची केली. निर्यातीच्या! देशात राहणाऱ्यांनी काय करावे, असा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला.

मध्यंतरी कोल्हापूरला गेलो असता एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात शिरलो आणि चोपचिनी मागितली. दुकानदाराने बरणीतून तांबूस, गाठाळ तुकडे काढून वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिले. ही कोठून येते, असे विचारले तर म्हणाला, "वरनं येतीया, फादर." वरून म्हणजे मुंबईहून की आणखी कोठून, ते त्यालाही ठाऊक नव्हते. पुडी मी तशीच आणून त्या पाकिटाशेजारी ठेवली आहे.

आजी आता ठीक आहेत. डॉक्टरांनी स्टेरॉइडची मात्रा मोजून, हळूहळू उतरवीत कित्येक महिन्यांनी ती बंद केली. गुडघे पूर्वीसारखेच दुखतात; काठी परत आली आहे. परवा मिस्सेनंतर त्या पायरीवर बसल्या होत्या. मी विचारपूस केली, तेव्हा इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "फादर, ते पाकीट अजून हाय का तुमच्याकडं? काय बी म्हणा, दुखणं त्यानंच थांबलं हुतं."